जुन्या जोड-टाक्यांसाठी हार्नेस निवडताना: आधी माप, मग पट्टे

डायव्हिंगची जुनी ट्विन टँक, म्हणजे पाठीवर घ्यायची हवेच्या दोन टाक्यांची जोडी, हाती आली की बहुतेक जण पहिल्यांदा पट्टे शोधायला लागतात. फोटो बघून बॅकपॅक (टाकी पाठीवर धरणारी पाटी) मागवतात. तो आला की कळतं, बँड (टाक्यांना वेढणारी धातूची कडी) टाकीवर बसत नाही, बोल्टची भोकं जुळत नाहीत, किंवा सगळं जुळतं पण पाण्यात श्वास ओढताना छाती भरून येते. सोलापुरात या वस्तू दुकानात हाताळून घ्यायची सोय नाही. बहुतेक खरेदी कुरिअरने होते आणि परत पाठवायचं भाडं आपल्याच माथी बसतं. त्यामुळे इथे क्रम चुकला की पैसे आणि हंगाम दोन्ही जातात.

हार्नेस, म्हणजे टाक्या पाठीवर धरणारे पट्टे, कोणता घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं: टाकीचा व्यास, रेग्युलेटरचा (टाकीतली हवा श्वासाला देणाऱ्या यंत्राचा) प्रकार, आणि तो रेग्युलेटर पाठीवर नेमका कुठे येतो. आराम आणि रंगरूप त्यानंतर. हा लेख प्रमाणित डायव्हरसाठी आहे. डायव्हिंग शिकलेलं नसेल तर जोड-टाक्यांपासून सुरुवात करू नका.

## १. हार्नेसच्या आधी टाकी वापरण्याजोगी आहे का ते बघा

टाकीच्या खांद्यावर ठोकलेली अक्षरं वाचा. अमेरिकी बनावटीच्या जुन्या पोलादी ७२ घनफुटी टाकीवर ३एए आणि २२५० असं लिहिलेलं असतं. चाचणीच्या तारखेपुढे अधिकचं चिन्ह असेल तर त्या टाकीत १० टक्के जास्त, म्हणजे २४७५ पीएसआयपर्यंत दाब भरता येतो. चिन्ह नसेल तर २२५० हीच मर्यादा. जुना मालक तोंडी काय सांगतो याला इथे काही किंमत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर जास्त सावध राहा. १९८८ पूर्वीच्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या आहेत. त्यांच्या गळ्यात, आट्यांच्या जागी, सतत दाबाखाली राहून आतून चिरा पडतात. नंतरच्या टाक्या ६०६१ मिश्रधातूच्या आहेत आणि त्यांत हा दोष नाही. टाकीचा मिश्रधातू खात्रीने ठरवता येत नसेल तर ती घेऊ नका. तिच्यासाठी हार्नेस शोधण्यात अर्थ नाही.

भारतात दाबाच्या टाक्यांना गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू आहेत. मंजुरी देणारी यंत्रणा म्हणजे पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), तिचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून आलेल्या जुन्या टाकीला मंजुरी आणि चालू मुदतीची हायड्रो (पाण्याच्या दाबाची) चाचणी नसेल तर नियमाने चालणारा कोणीही ती भरून देणार नाही. हा प्रश्न आधी सोडवा. हार्नेसवर खर्च करून झाल्यावर टाकी बाद ठरण्यापेक्षा हे बरं.

इशारा: भरलेल्या टाकीचा मॅनिफोल्ड (दोन टाक्यांची तोंडं जोडणारी नळी), व्हॉल्व्ह किंवा बँड कधीही सैल करू नका. खालची सगळी कामं दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करून, व्हॉल्व्ह उघडे ठेवूनच करायची.

## २. माप घ्या आणि कागदावर लिहा

शिंप्याची टेप, पोलादी पट्टी आणि शक्य असेल तर व्हर्नियर, एवढं पुरतं.

घेर: टेप टाकीभोवती घट्ट गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागा. एकाच जागी मोजून थांबू नका. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी मोजा, कारण जुन्या रंगाचे थर, गॅल्व्हनायझिंगची फुगलेली पापुद्री किंवा प्लास्टिकचं आवरण माप खोटं दाखवतं. पोलादी ७२ चा व्यास साधारण १७५ मिमी, म्हणजे घेर ५५० मिमीच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम ८० चा व्यास १८४ मिमी, घेर ५७८ मिमीच्या आसपास. फरक फक्त ९ मिमीचा असल्यामुळे फोटोत तो दिसत नाही, पण १८४ चा बँड १७५ च्या टाकीवर कितीही आवळला तरी टाकी आत फिरते. ट्विन ३८, ४५, ५० अशा छोट्या जोड्यांचे व्यास वेगळे असतात. त्यांच्यासाठी ऐकीव आकडा वापरू नका, स्वतः मोजा.

मध्यांतर: एका टाकीच्या गळ्याच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे मॅनिफोल्ड ठरवतो. आजकालचे बरेच मॅनिफोल्ड २१५ मिमीचे असतात, जुन्यांचं काही सांगता येत नाही. बँड घ्यायचा तो या अंतराला जुळणारा. बँडच्या मापाला मॅनिफोल्ड ओढून बसवायचा नाही.

उंची: टाकीचा खांदा जिथे संपून सरळ नळकांडं सुरू होतं, तिथे खडूने रेघ मारा. वरचा बँड या रेघेच्या खाली बसतो, वर कधीच नाही. टाकीच्या बुडापासून रेग्युलेटर बसतो त्या तोंडापर्यंतची एकूण उंचीही लिहून ठेवा.

बोल्ट: आधीचे बँड सोबत आले असतील तर बोल्टचा आटा बघा. युरोपी बँडला ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट असतो, अमेरिकी बँडला ५/१६ इंची. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे जातो आणि मग अडकतो. पान्याने जोर लावला की आटा मरतो. नट-बोल्टच्या दुकानात जाताना जुना नट सोबत न्या.

तपासा: कागदावर सहा आकडे आहेत का? दोन टाक्यांचे दोन व्यास, मध्यांतर, खांद्याच्या रेघेची उंची, एकूण उंची, बोल्टचा आटा. एकही कमी असेल तर ऑर्डर देऊ नका.

## ३. रेग्युलेटर कोणता, हे आत्ताच ठरवा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सावकाश वाचा.

सिंगल-होज (एका नळीच्या) रेग्युलेटरमध्ये हवा सोडणारा भाग तोंडाशीच असतो. टाकी पाठीवर दोन-चार सेंटिमीटर वर किंवा मागे असली तरी श्वासाला फरक पडत नाही. डबल-होज (दोन नळ्यांच्या) रेग्युलेटरचा हवा सोडणारा पडदा मात्र मागे, टाकीच्या तोंडाशी असतो. तुम्ही पालथे पोहता तेव्हा तो पडदा फुप्फुसांच्या वर येतो. वर म्हणजे कमी दाबाच्या पाण्यात. रेग्युलेटर त्या कमी दाबाने हवा देतो आणि उरलेला फरक तुमच्या छातीला ओढून भरून काढावा लागतो. पडदा पाठीपासून पाच सेंटिमीटर जास्त लांब गेला, तर दर श्वासाला पाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी जास्तीची ओढ लागते. नीट लावलेल्या रेग्युलेटरला मुळात तीनेक सेंटिमीटरच लागते, यावरून पाच सेंटिमीटर किती भारी पडतात ते कळेल.

म्हणून डबल-होजसाठी नियम असा: रेग्युलेटरचा डबा दोन खवाट्यांच्या मध्ये, आणि पाठीला जितका जवळ नेता येईल तितका जवळ. मानेच्या मागे नको, कमरेकडेही नको. फार वर गेला तर श्वास जड होतो आणि डोकं मागे घेताना डबा लागतो. फार खाली गेला तर रबरी नळ्या ताणल्या जातात आणि मान वळवली की तोंडातला माउथपीस ओढला जातो.

जोड-टाक्यांचा एक फायदा इथे मिळतो. दोन टाक्या पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना बसतात, मधला खोलगट भाग कण्यावर येतो, त्यामुळे मध्यभागी बसलेला रेग्युलेटर एकट्या टाकीपेक्षा पाठीला जवळ राहतो. जाड बॅकपॅक किंवा फुगणारा विंग (तरंगणं सांभाळणारी हवेची पिशवी) मध्ये घातला की हा फायदा गेलाच.

एकदा ठरवा: डबल-होज वापरणार की सिंगल-होज. दोन्ही वापरणार असाल तर निवड डबल-होजच्या गरजेनुसार करा. सिंगल-होज कुठल्याही मांडणीत चालतो.

## ४. तीन पर्याय

बँडला थेट लावलेला पट्ट्यांचा हार्नेस. मध्ये कुठलीही पाटी नाही. दोन खांद्याचे पट्टे, कमरेचा पट्टा, आणि पायांमधून पुढे येणारा क्रॉच स्ट्रॅप. टाक्या थेट पाठीवर टेकतात. डबल-होज आणि पोलादी ७२ किंवा त्याहून लहान जोडी असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. बँडवर पट्टा ओवायला खाचा किंवा कड्या मात्र हव्यात. साध्या बँडवर त्या नसतात. तोटा असा की जमिनीवर सगळं वजन अरुंद पट्ट्यांवर येतं, आणि तरंगणं सांभाळायला बीसी लागत असेल तर तो वेगळा घ्यावा लागतो.

धातूची बॅकप्लेट आणि ५० मिमी पट्टा. प्लेटची दोन भोकं एकमेकांपासून ११ इंच, म्हणजे साधारण २८० मिमी अंतरावर असतात. दोन बँडचे बोल्ट याच अंतरावर बसवायचे. ३ मिमी जाडीची स्टेनलेस प्लेट अडीच-पावणेतीन किलोची असते, अ‍ॅल्युमिनियमची एक किलोच्या आत. सिंगल-होज आणि विंग वापरणार असाल तर हाच पर्याय घ्या. डबल-होजसोबत वापरायची असेल तर विंग न घालता प्लेट बँडला घट्ट भिडवा. तरीही पट्ट्यांच्या हार्नेसपेक्षा रेग्युलेटर थोडा मागेच राहील.

स्टेनलेस घ्यायची की अ‍ॅल्युमिनियमची, ते टाकीवरून ठरवा. अ‍ॅल्युमिनियम ८० रिकामी होत आली की समुद्रात प्रत्येकी सुमारे दोन किलोने वर ओढते. दोन टाक्यांचे चार किलो झाले. तिथे स्टेनलेस प्लेटचं वजन कामी येतं, कमरेला वजनासाठी बांधायचं शिसं कमी होतं. पोलादी ७२ ची जोडी गोड्या पाण्यात, पातळ सूटवर वापरणार असाल तर तेच वजन अंगावर पडतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घ्या.

जुना प्लास्टिक किंवा फायबरग्लासचा बॅकपॅक. यातले बहुतेक एका टाकीसाठी केलेले असतात: मध्ये एक खोबण आणि एकच आवळायचा पट्टा. जोड-टाकीला दोन नळकांडी आणि मध्ये खड्डा, त्यामुळे हा बॅकपॅक कण्याच्या रेषेवर टेकतच नाही आणि जोडी डावी-उजवीकडे झुलते. ट्विनसाठीचे बोल्ट असलेलाच नमुना मिळत असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पांढऱ्या रेघा आहेत का ते बघा. असल्या तर प्लास्टिक थकलं आहे. कड दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघा. कडकड आवाज आला तर घेऊ नका.

जॅकेट बीसीला एकाच कॅम पट्ट्याने जोड-टाकी बांधणारेही दिसतात. तो पट्टा एका टाकीचं वजन धरायला केलेला असतो. हे करूच नका.

## ५. बँड आणि मॅनिफोल्ड: क्रम बदलू नका

१) दोन्ही टाक्या रिकाम्या, बूट (टाकीच्या बुडाला घालायचे रबरी कप) काढलेले, सपाट फरशीवर आडव्या. गोल बुडाच्या पोलादी टाक्या लोळतात, दोन्ही बाजूंना विटा लावा.

२) बँड खालून सरकवून घ्या, सैलच ठेवा. बूट आधी घातले तर बँड जाणार नाही.

३) मॅनिफोल्डच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नव्या घाला आणि मॅनिफोल्ड दोन्ही गळ्यांवर हाताने बसवा. आटे बोटांनी फिरले पाहिजेत. कुठे अडकलं तर टाक्यांमधलं अंतर चुकलं आहे. पाना लावू नका, टाकी सरकवा.

४) दोन टाक्यांची तोंडं एका पातळीत आहेत का ते पट्टी ठेवून बघा. मग निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे मॅनिफोल्ड आवळा.

५) आता वरचा बँड खांद्याच्या रेघेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. खालचा त्याच्यापासून २८० मिमीवर. पट्ट्यांच्या हार्नेसला २८० चं बंधन नाही, पण पुढेमागे प्लेट लावायची असेल तर आत्ताच पाळा.

६) दोन्ही बँड आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर टाक्या तिरक्या होतात आणि सगळा ताण मॅनिफोल्डच्या गळ्यावर जातो. गळती बहुतेक इथूनच सुरू होते, आणि दोष ओ-रिंगला दिला जातो.

तपासा: एक टाकी पायांमध्ये धरून दुसरी पिळून बघा. जराही फिरली तर बँड सैल आहे किंवा व्यासाला मोठा आहे. बँडच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून फट भरतात, ते टिकत नाही. दाबाने ट्यूब बाजूने निसटते आणि तिच्याखाली पाणी साठून टाकी गंजते. योग्य मापाचा बँड घ्या.

बँड इथेच बनवून घ्यायचा असेल तर एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगची कामं चांगली होतात. ५० मिमी रुंदीची स्टेनलेस पट्टी सांगा, कडा घासून गोल करून घ्या आणि वेल्ड पूर्ण थंड झाल्याशिवाय टाकीजवळ नेऊ नका. वेल्डिंग टाकीवर बँड ठेवून करायचं नाही, रिकाम्या टाकीवरसुद्धा नाही. उष्णतेने टाकीच्या धातूची ताकद जाते आणि ते बाहेरून दिसत नाही.

## ६. पट्टा: नवार नको, सीटबेल्ट नको

कापडाच्या गावात पट्टा सहज मिळतो, आणि म्हणूनच चुकीचा पट्टा घेतला जातो. खाटेची सुती नवार रुंद आणि स्वस्त असते, पण ती भिजली की आखडते, वाळली की सैल होते, आणि घडीत ओल राहिली की आतून कुजते. वरून धडधाकट दिसणारी नवार बकलच्या दुमडीत तुटते. भंगारातला मोटारीचा सीटबेल्ट ताकदीचा असला तरी पातळ आणि गुळगुळीत असतो, शिवाय ५० मिमीपेक्षा थोडा अरुंद, त्यामुळे बकलमधून सरकत राहतो.

हवा तो ५० मिमी रुंद, जाड विणीचा, कडक नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पट्टा. दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो, म्हणून दोन चाचण्या करा. काठाचे चार धागे सोडवून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा आकसून कडक मणी होतो. मग तुकडा पाण्याच्या बादलीत दाबून भिजवा आणि सोडा. तरंगत राहिला तर तो पॉलिप्रॉपिलीन. हा आपल्याकडच्या उन्हात लवकर ठिसूळ होतो आणि बकलमध्ये घसरतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

दोन्हींत पॉलिएस्टर बरा, कारण नायलॉन पाणी पितो आणि भिजल्यावर थोडा लांबतो. मीटरभर पट्ट्यावर दोन खुणा करा, तासभर भिजवा, २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार टांगा आणि खुणांमधलं अंतर मोजा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलं तर दुसरा पट्टा बघा.

लांबी: बॅकप्लेटला खांदे आणि कंबर मिळून एकसंध ३.६ मीटर, क्रॉच स्ट्रॅप १.२ मीटर. पट्ट्यांच्या हार्नेसला खांद्याचे दोन तुकडे प्रत्येकी १.२५ मीटर, कंबर १.५ मीटर, क्रॉच १.२ मीटर. दोन्हींसाठी सहा मीटर घ्या, उरलेलं चाचणीला आणि दुरुस्तीला लागतं. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा आणि गरम असतानाच चमच्याच्या पाठीने चपटी करा. मणी फुगलेला राहिला तर टोक बकलच्या खाचेत शिरत नाही.

तीन दांड्यांच्या बकलमध्ये पट्टा ओवताना टोक मधल्या दांडीवरून घेऊन परत स्वतःवर दुमडून शेवटच्या खाचेतून काढा. एकदाच ओवलेला पट्टा कोरडा असताना धरतो आणि ओला झाला की सुटतो. दुमडीच्या पुढे किमान १५ सेंटिमीटर टोक शिल्लक ठेवा.

शिवण लागणार असेल तर गाडीची सीट कव्हरं किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडे जा. धागा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचाच सांगा. चौकोन आणि आत फुली अशी शिवण घ्या. सुती दोऱ्याने शिवलं तर पट्टा शाबूत राहून शिवण सुटेल.

## ७. घरी कोरडं बसवून बघणं

पोलादी ७२ ची भरलेली जोडी मॅनिफोल्ड-बँडसह तीसेक किलोच्या वर जाते. जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका. कमरेएवढ्या कट्ट्यावर टाक्या उभ्या ठेवा, मागे एक माणूस धरायला हवा, आणि तुम्ही पाठ लावून पट्ट्यांत शिरा. पहिली फिटिंग रिकाम्या टाक्यांवर करा. अंगात तोच सूट घाला जो पाण्यात घालणार आहात. बनियनवर बसवलेले पट्टे सूटवर बसत नाहीत.

उंची. इथे हमखास उलटं केलं जातं. पट्टे बँडला लटकलेले असतात. त्यामुळे बँड टाकीवर वर सरकवला की टाकी तुमच्या पाठीवर खाली येते. बँड खाली घेतला की टाकी वर जाते. रेग्युलेटर मानेला लागतोय म्हणून बँड खाली घेणारा माणूस अडचण वाढवून ठेवतो. बँड खांद्याच्या रेघेपर्यंत वर नेऊनही टाकी उंचच राहिली, तर खांद्याचे पट्टे सैल करा.

मग पुढच्या तपासण्या, याच क्रमाने:

- मान मागे घ्या. डोकं मॅनिफोल्डला लागता कामा नये.
- मान दोन्हीकडे वळवा. डबल-होजचा माउथपीस तोंडातून ओढला जाऊ नये.
- खांद्याच्या पट्ट्याखाली तीन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. त्याहून घट्ट असेल तर हार्नेस पाण्यात काढता येणार नाही.
- हात मागे नेऊन व्हॉल्व्हची चाकी फिरवता येते का ते बघा.
- खाली बसा. टाकीचं बूड बैठकीला टेकून टाक्या वर ढकलल्या जातात का?

जुन्या मॅनिफोल्डला रिझर्व्हची (राखीव हवा सोडणारी) दांडी असेल तर ती कमरेच्या पट्ट्यात किंवा बँडच्या खाचेत अडकत नाही ना, हे हाताने ओढून बघा. टाकी भरताना हा खटका खाली, म्हणजे उघडा असावा लागतो, नाहीतर टाक्या पूर्ण भरत नाहीत. पाण्यात उतरताना वर. आणि रिझर्व्ह आहे म्हणून प्रेशर गेज टाळू नका. दांडी नकळत ओढली गेली तर हवा संपायच्या आधी कसलीच सूचना मिळत नाही.

वजनाचा पट्टा सगळ्यात शेवटी. आधी हार्नेसची कंबर, तिच्यात क्रॉच स्ट्रॅपचा फास, आणि शिशाचा पट्टा या सगळ्याच्या वरून, मोकळा. क्रॉच स्ट्रॅप शिशाच्या पट्ट्यावरून गेला तर संकटात बकल उघडलं तरी शिसं पडत नाही, पायांमध्ये लटकतं. दोन बकलं विरुद्ध दिशांनी उघडणारी ठेवा, म्हणजे हाताला न बघता कळेल कोणतं कुठलं.

तपासा: उभे राहा, डोळे मिटा, शिशाच्या पट्ट्याचं बकल एका हाताने उघडा. पट्टा सरळ जमिनीवर पडला तरच पुढे जा. खाली जाड सतरंजी टाका, फरशी फुटेल.

## ८. तलावात, उथळ पाण्यात

जलतरण तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन, टाक्यांना रबरी बूट घालून, सोबत दुसरा डायव्हर घेऊनच. दीड-दोन मीटर खोली पुरते.

पालथे तरंगत दहा मिनिटं श्वास घ्या. नंतर उताणे व्हा. डबल-होजला उताणं झाल्यावर हवा आपोआप जोरात येते, ते स्वाभाविक आहे. पालथं असताना श्वास जड आणि उभं झाल्यावर वेगळा वाटत असेल तर रेग्युलेटर आणखी खाली आणि पाठीजवळ आणा. एका वेळी दोन सेंटिमीटरच बदला आणि परत तपासा. रेग्युलेटर नादुरुस्त आहे असं ठरवून तो उघडण्याआधी हा बदल करून बघा.

कुशीवर वळा. टाक्या तुमच्यामागून थोड्या उशिराने वळल्या तर कंबर किंवा क्रॉच स्ट्रॅप सैल आहे. पाण्यात सूट दबतो आणि नायलॉन लांबतो, म्हणून घरी नीट बसलेला हार्नेस इथे एक-दोन सेंटिमीटर आवळावा लागतो.

शिसं किती घ्यायचं ते टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना ठरवा. ७२ च्या भरलेल्या जोडीत हवेचंच वजन पाच किलोच्या जवळ असतं. शेवटी तेवढे तुम्ही हलके होता. भरल्या टाक्यांवर वजन जुळवलं तर डायव्हच्या शेवटी तीन-चार मीटरवर थांबताच येणार नाही. गोड्या पाण्यात जुळवलेलं वजन मालवण-तारकर्लीला पुरत नाही. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. सामानासह १२० किलोच्या डायव्हरला तिथे साधारण तीन किलो शिसं जास्त लागतं.

शेवटी हार्नेस पाण्याखाली पूर्ण काढून परत घाला. माउथपीस तोंडातच ठेवायचा. हे दोनदा सहज जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

## ९. उजनीसारख्या पाण्यासाठी जास्तीच्या गोष्टी

उजनी धरणाच्या जलाशयात उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी हवी. पाणी गढूळ असतं आणि मासेमारीची नायलॉनची जाळी सगळीकडे. जाळ्याला पकडायला बाहेर आलेला एक विंग नट (बोटांनी फिरवायचा, पंखांचा नट) पुरतो. बोल्टची तोंडं पाठीकडे करा, जास्तीचा बोल्ट कापून घासा, पट्ट्यांची लोंबती टोकं रबरी कड्यांत दुमडा. सुरी पोटरीवर बांधू नका. जोड-टाक्या पाठीवर असताना वाकून तिथपर्यंत हात जात नाही. ती कमरेच्या पट्ट्यावर, दोन्ही हात पोचतील अशी समोर हवी.

धरण पूर्ण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटरवर असते. ३०० मीटरच्या वर उंचीवरच्या डायव्हचे नियम लागू होतात. डायव्ह संगणकाची उंचीची सेटिंग तपासा आणि समुद्रसपाटीचे डायव्ह तक्ते जसेच्या तसे वापरू नका.

शेतातल्या विहिरीत जोड-टाक्या घेऊन उतरू नका. मोटारीच्या केबल, दोर, पाइप आणि कपारीचे दगड यांत वळायलाच जागा नसते, आणि वर यायची वाट एकच. मोटारीचा विजेचा प्रवाह चालू असेल तर बाकी काही बोलायलाच नको.

## १०. देखभाल

प्रत्येक डायव्हनंतर पट्टे आणि बकलं स्वच्छ पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर विंग नटवर आणि बकलच्या दांड्यांवर पांढरा थर बसतो, शेवटचं पाणी नळाचं घ्या. वाळवायचं ते सावलीत. एप्रिल-मेच्या इथल्या उन्हात गच्चीवर टाकलेला पट्टा आणि रबरी नळ्या एका हंगामात तडकतात. भरलेली टाकी बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

वर्षातून एकदा टाक्या रिकाम्या करून बँड पूर्ण काढा. बँडखालची पट्टी बाहेरून कधीच दिसत नाही आणि गंज तिथेच धरतो. अ‍ॅल्युमिनियम टाकीवर स्टेनलेस बँड असेल तर दोन धातूंमुळे पांढरी भुकटी जमते. ती ब्रशने काढा आणि खाली खड्डे पडलेत का ते नखाने चाचपा. नखाला खड्डा लागला तर टाकी तपासणीला पाठवा, रंग मारून झाकू नका. बूटही काढा, आतला चिखल धुवा, बुडाला पाणी निघून जायचं भोक मोकळं आहे ना ते बघा. पट्टा बकलच्या दुमडीत उलगडून बघा: तिथली वीण विरळ किंवा केसाळ झाली असेल तर तेवढा तुकडा कापून पुढे न ओढता पूर्ण पट्टा बदला. बँड परत लावताना पाचव्या भागातला क्रम पहिल्यापासून पाळायचा.